निरोप धरून

गावाला रेल्वे स्टेशन होतं, पण तिथे थांबायच्या त्या मालगाड्या. बस होती, पण ती विमानतळाच्या शहरात पोचेपर्यंत सकाळची विमानं ढगांत गेलेली असायची आणि दुपारच्या विमानांची दारं लागत आलेली असायची. तेव्हा ज्याला कुणाला विमान गाठायचं असेल त्याच्यापुढे एकच रस्ता उरायचा. मावशीला फोन करायचा.

मावशी म्हणजे सगळ्या गावाची मावशी, आणि टेकड्यांच्या अलीकडच्या पलीकडच्या खेड्यांचीसुद्धा. तिची पांढरी व्हॅन माणसं घेऊन विमानतळावर जायची आणि माणसं घेऊन परत यायची. लोक तिला विमानवाली मावशी म्हणत, आणि ती स्वतः विमानात एकदाही बसलेली नव्हती. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणायची, "मी वर गेले तर तुम्हाला खाली कोण सोडणार?"

तिची एक पद्धत होती. फोन आला की ती विमानाची वेळ सगळ्यात शेवटी विचारायची. आधी विचारायची, "घरात माणसं किती? म्हातारं कोण आहे? जाणारं माणूस रडकं आहे का मागे राहणारं?" मग जरा वेळ गप्प राहायची आणि निघायची वेळ सांगायची. ही वेळ दर घराची वेगळी असायची, कारण ती निरोप धरून सांगितलेली असायची. रिटायर्ड हेडमास्तरांच्या घरी निरोप आखडता. ते सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना द्यायचे आणि वर्ग सुटल्यासारखे सगळे सुटायचे. डेअरीवाल्यांकडे मात्र पोरगं गाडीत बसलं की कुणीतरी डबा आणायला परत आत जायचं, मग डबा सापडायचा आणि झाकण सापडायचं नाही, आणि झाकणापायी बाहेर बसलेले सगळे पुन्हा घरात.

"आमचं आणि मास्तरांच्या मुलाचं विमान एकच, मग आम्हालाच एवढ्या लवकर का गं बोलावतेस?" डेअरीवाली तणतणायची.

"तुमच्या घरी माया जास्त आहे हो," मावशी म्हणायची. डेअरीवाली फुलून जायची आणि दिलेल्या वेळेच्याही आधी तयार व्हायची.

गावाची मावशी असली तरी एका माणसाची ती खरीखुरी, आईची बहीण होती. ती ही भाची. भाचीच्या वडिलांचं मोठ्या शहरात ड्रायव्हिंग स्कूल. तिने तिथे वर्षानुवर्षं घामाघूम लोकांच्या शेजारी बसून त्यांना क्लच शिकवला होता, आणि आता स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा हवा म्हणून मावशीकडे येऊन राहिली होती. गाडी चालवावी तर भाचीने. मागच्याच्या हातातल्या काठोकाठ भरलेल्या पेल्यातलं पाणी सांडायचं नाही. मावशीचं तसं नव्हतं. मावशीने ब्रेक मारला की मागचे लोक पुढच्यांच्या चांगल्या ओळखीचे होत.

पण दारातून माणूस काढावं तर मावशीने. भाचीला ते समजायचं नाही. तिला वाटायचं, यात काय कला? "अगं हॉर्न वाजव की," ती म्हणायची.

"हॉर्न वाजवला की माणूस दचकतं," मावशी म्हणायची. "दचकलेलं माणूस परत आत जातं, पाणी प्यायला. मग बाकीच्यांनाही तहान लागते."

आणि मग ती भाचीला 'येते'चे प्रकार शिकवायची. आपल्याकडे निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, आणि गोंधळ तिथेच आहे. खुर्चीत बसून म्हटलेलं 'येते' म्हणजे काहीच नाही, तो नुसता खोकला. उभं राहून म्हटलेल्या 'येते'नंतर खऱ्या गप्पा सुरू होतात. उंबरठ्यावरच्या 'येते'ला एखादं माणूस रडतं. चप्पल घालून म्हटलेलं 'येते' आलं की इंजिन सुरू करायचं. "मध्ये बोलायचं नाही. मान हलवत उभं राहायचं, आपल्याला काही घाई नाही असं तोंड करून. आणि पोटात घड्याळ ठेवायचं."

भाची हसायची. तिला हे सगळं ऐकायला गोड आणि कामाला कुचकामी वाटायचं.

मग व्हॅन धुताना मावशी साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि मनगट मोडून घेऊन बसली. हात प्लास्टरमध्ये. दुसऱ्याच दिवशी गावातल्या टेलरबाईंना विमानतळावर पोचवायचं होतं, आणि ती खेप काही साधी नव्हती.

टेलरबाईंना आपल्या धाकट्या भावाला किडनी द्यायची होती. भाऊ दूरच्या शहरात, तिकडे इथून दिवसाला एकच विमान. आज पोचायचं, संध्याकाळी शेवटच्या तपासण्या, उद्या सकाळी ऑपरेशन. आजची तपासणी हुकली की उद्याचं टेबल दुसऱ्याला जाणार. पुढची तारीख कधी मिळेल ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि तोवर भाऊ... हे वाक्य त्या घरात कुणीच पुरं करत नव्हतं.

"त्यांना भरपूर वेळ धरलाय," मावशी म्हणाली. "तरी जपून. त्या घराचा निरोप मला नीट मोजता आला नाही. असा निरोप त्यांनी कधी दिलेला नाही."

भाची निघाली तेव्हा गाडीत आधीच पंपवाले काका होते, विहिरींचे पंप दुरुस्त करणारे. मुलीकडे निघाले होते, त्यांचं विमान बरंच नंतरचं. ते पुढच्या सीटवर ऐसपैस बसले होते. "आज मावशी नाही म्हणजे माझं कपाळ काचेवर आपटणार नाही," ते म्हणाले. "चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय."

टेलरबाईंची गल्ली अरुंद. गाडी तोंडाशी लावून भाची चालत दारापर्यंत गेली. समोरच्याच खोलीत शिलाईचं मशीन, त्याच्या पायाशी रंगीत चिंध्यांचा ढीग, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धवट शर्ट; कुणाला बाही नाही, कुणाला कॉलर नाही. टेलरबाई मशीनवर कापड पांघरत होत्या. त्यांचा नवरा हातात बॅग धरून उभा. तो छापखान्यात कामाला होता, आणि दिवसभर इतके शब्द जुळवायचा की घरी आल्यावर त्याच्याकडे एकही शिल्लक नसायचा. त्याची आई, म्हणजे आजी, सुनेच्या मागे मागे फिरत होती.

"येते हं," टेलरबाई मशीनला थोपटत म्हणाल्या. भाचीने मनात म्हटलं, हे धरायचं नाही. मग शेजारणी आल्या. त्यांनी ब्लाउजांची चौकशी केली, मग आपण भलत्या वेळी ब्लाउजांची चौकशी केली म्हणून एकमेकींना दटावलं. "येते बरं का," टेलरबाई त्यांना म्हणाल्या. भाची मान हलवत उभी. पोटातलं घड्याळ ठीक चाललेलं. उंबरठ्यावर एक 'येते' झालं आणि त्यावर एक शेजारीण रडलीसुद्धा. मावशी म्हणते ते खरं आहे की, भाचीला वाटलं, आणि तिला गंमत वाटू लागली.

टेलरबाईंनी चप्पल घातली. भाचीने खिशातली किल्ली हातात घेतली.

"बरं," टेलरबाई म्हणाल्या, "जाते मी."

सगळे थिजले. गल्लीत कुणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढाच आवाज.

"काय म्हणालीस?" आजीने विचारलं.

"येते म्हणाले."

"जाते म्हणालीस!"

"आई, चुकून..."

"आज चुकून?" आजी म्हणाली. "आजच्या दिवशी?" आणि ती होती तिथे, उंबरठ्यावर बसली. सुनेचा पदर तिने मुठीत घट्ट धरला. "नाही जायचं. उद्या जा."

नवऱ्याला अचानक वाचा फुटली. सगळ्या तपासण्यांत, सगळ्या सह्यांच्या वेळी तो गप्प होता, आणि आता म्हणाला, "आई म्हणतेय तर... उद्या सकाळी जाता येईल का बघू."

"उद्या सकाळी मला कापणार आहेत!" टेलरबाई ओरडल्या.

त्या घडीला म्हणू नये ते नेमकं हेच वाक्य. रडणारी शेजारीण थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

भाचीच्या पोटातलं घड्याळ आता छातीत येऊन धडधडायला लागलं. मावशीने धरलेला वेळ वितळत चालला होता. "आजी," ती पुढे झाली, "नुसता शब्द आहे हो. शब्दाने काय होतं?"

"काही होत नसेल तर दुसरा का नाही वापरला तिने?" आजी म्हणाली.

भाचीने बाजूला होऊन मावशीला फोन लावला.

"कोण अडलंय?" मावशीने विचारलं. काय झालं, कसं झालं, काही नाही.

"आजी. उंबरठ्यावर बसल्यात."

"आणि जाणारी?"

"चप्पल घालून उभी आहे."

"मग ती तयार आहे. तिचा नाद सोड. आता तुला दुसरीला काढायचंय."

"दुसरीला? त्यांना कुठे जायचंय?"

"ते तू बघ बाई. मी इथे डाव्या हाताने दूध उतू जाऊ देत नाहीये." आणि फोन बंद.

भाचीने फोन खिशात टाकला. मग ती परत दाराशी आली आणि आजीच्या शेजारी उंबरठ्यावरच बसली. घाई नसल्यासारखं तोंड केलं. आयुष्यात इतकं अवघड तोंड तिने कधी केलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. असा अर्धवट निरोप द्यायचाच नाही. तुम्हीच चला सोडायला. विमानाच्या दारापर्यंत."

आजीची मूठ जरा सैल झाली. "मी?"

"जागा आहे गाडीत."

"या अशा कपड्यांत?"

"तिथे कुणी कुणाकडे बघत नाही."

"मग जायचं कशाला?" आजी म्हणाली, पण उठली. "कपडे तरी बदलते."

"नको!" भाची, टेलरबाई आणि दोन शेजारणी एका सुरात ओरडल्या.

पंपवाल्या काकांनी पुढची सीट रिकामी केली. "या आजी, मानाची जागा तुमची. मी आपला मागे, सामानासारखा." आजीला दोन बाजूंनी उचलून बसवलं. गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली, आणि मागून कुणीतरी धावताना दिसलं. छापखानेवाला नवरा. बायकोची बॅग अजून त्याच्याच हातात होती. भाचीने गाडी हळू केली. त्याने धावत धावत खिडकीतून बॅग आत ढकलली, काच धरून दोन पावलं तसाच आला, आणि म्हणाला, "ये." एवढंच. मग धापा टाकत रस्त्यात उभा राहिला.

टेलरबाईंनी बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यात तोंड घातलं.

गाव मागे पडलं. टेकड्यांचा रस्ता सुरू झाला. मग आजी समोर बघतच म्हणाली, "का म्हणालीस पण?"

"आई, सकाळपासून सगळे मला ये, परत ये, नीट ये म्हणतायत," मागून टेलरबाई म्हणाल्या. "आणि माझ्या डोक्यात एकच, मी जाईन ना? पोचेन ना वेळेवर? तो तिकडे वाट बघतोय. तिकडे जा, लवकर जा, असं एकानेही म्हटलं नाही हो मला. मग तेच आलं तोंडातून."

पंपवाले काका खिडकीबाहेरच्या दगडांकडे भलत्याच कौतुकाने बघू लागले.

"मग तसं सांगायचं," आजी शेवटी म्हणाली.

"उंबरठ्यावर बसून तुम्ही सांगू दिलंत का?"

"मी काय..." आजीने नाक ओढलं. "तुला काही झालं तर माझ्या लेकाला ओरडणार कोण? माझं ऐकत नाही तो."

"मी फोनवरून ओरडेन."

"फोन तरी उचलतो का तो तुझा?"

मागच्या सीटवर टेलरबाई हसल्या. रडतारडता हसल्या, त्यामुळे काकांना वाटलं ठसका लागला, आणि ते पाणी शोधू लागले.

पुढे सिमेंटचे ट्रक लागले. एकामागे एक, चढावर धापा टाकणारे, आणि रस्ता असा की पुढचं वळण दिसायचं नाही. भाचीने एकदा आरशात पाहिलं, एकदा घड्याळात. वडिलांच्या स्कूलमध्ये ती शिकवायची, घाई हातात आली की गाडी हातात राहत नाही. तिने खांदे खाली सोडले. एकेका ट्रकच्या मागे ती थांबायची, त्याचा श्वास ओळखायची, आणि सरळ रस्ता दिसला की लोण्यातून सुरी काढावी तशी पुढे निघायची. आजीचा चेहरा मात्र हिरवट होत चालला होता.

"मळमळतंय का आजी? थांबवू का?"

"खबरदार थांबवलीस तर!" आजीने डोळे मिटले. "ओकारी काय, घरीपण येते. तू दामट."

"आजी, आता जरा वळण..."

"दामट म्हणते ना!"

आणि तिने काच खाली केली. वारा लागून तिला बरं वाटलं असावं, कारण पुढच्या ट्रकच्या बरोबरीला आल्यावर ती निम्मी खिडकीबाहेर झाली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ए सिमेंट! बाजूला हो! माझ्या सुनेचं विमान आहे!"

ट्रकवाल्याने खाली वाकून पाहिलं. पांढऱ्या केसांची एक बाई त्याच्यावर बोट रोखून होती. त्याने ट्रक मुकाट्याने कडेला घेतला, वर हात दाखवून पुढे जा म्हणाला. त्यापुढच्यानेही घेतला. काका म्हणाले, "या वयात भोंगा इतका चांगला राहिलेला मी पहिल्यांदाच पाहतोय," आणि आजी म्हणाली, "तुमचा पंप गप्प ठेवा."

शेवटचा ट्रक मागे पडला तेव्हा भाचीला कळलं की आपण हसतोय. दारात पदर धरून बसलेली बाई तीच, आणि खिडकीतून रस्ता मोकळा करणारीही तीच. जोर एकच, नुसतं तोंड फिरवलं होतं. हे मावशीला फोनवरूनच दिसलं असेल का? दिसलं असणार. हाताला प्लास्टर, गॅसवर दूध, आणि तिला न पाहिलेल्या उंबरठ्यावरचं माणूस दिसतं. भाचीच्या मनात पहिल्यांदाच आलं की मावशीचे ते ब्रेक आपण माफ करून टाकावेत.

विमानतळाच्या दाराशी गाडी लागली आणि शिट्टी वाजली. "थांबायचं नाही! उतरवा आणि निघा!" पहारेकरी ओरडत आला. टेलरबाई उतरल्या. बॅग, तिकीट, ओळखपत्र, सगळं एका मुठीत. आजीही उतरली, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. काचेचं दार समोर होतं. त्याच्या आत फक्त जाणाऱ्यांना सोडत होते.

टेलरबाई वळल्या. डोळे भरलेले, ओठ हललेले. सगळ्या घराचा राहिलेला निरोप आता इथे होणार, भाचीला वाटलं.

आजीने सुनेला दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं आणि पाठीवर अशी थाप मारली की बॅग उडाली. "बोलत काय बसतेस? पळ!"

टेलरबाई पळाल्या. पन्नाशीला टेकलेली, दिवसभर बसून काम करणारी बाई, चपला फटफटवत, एकदाही मागे न बघता. काचेचं दार उघडलं आणि मिटलं.

काकांना उतरवून भाचीने गाडी वाहनतळावर नेली. मावशी दर खेपेला इथे रेंगाळते, हे तिला ठाऊक होतं. ती समजायची मावशी चहा प्यायला थांबते. आज स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्यावर तिला समजलं. आत घेतल्याचा फोन आल्याशिवाय गाडी परत फिरवता येत नाही, हातच उचलत नाहीत. शेजारी आजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. बहुधा सिमेंटवाल्यांना अजून बोलत होती.

फोन वाजला. भाचीने आवाज मोठा केला.

"घेतलं हो!" टेलरबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळ्यात शेवटी मला घेतलं. माझ्यामागे ती मुलगी काउंटर बंदच करत होती. आई आहेत का? आई, मी पोचतेय हो."

"हळू बोल, लोक ऐकतील," आजी म्हणाली, आणि फोन कानाला असा दाबून धरला की आतला एक शब्दही बाहेर पडू नये.

वाहनतळाच्या टोकाला जाळीचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे धावपट्टी. आजीने आयुष्यात विमान पाहिलं होतं ते मान वर करून, किड्याएवढं. भाची तिला कुंपणाशी घेऊन गेली. एक विमान गर्जत धावत आलं, त्याची चाकं जमिनीवरून सुटली, आणि आजीने दोन्ही हातांनी जाळी धरली.

"ते तिचं का?"

"माहीत नाही आजी. इथून कळत नाही."

"असलं तर?" आजी म्हणाली आणि एक हात सोडवून वर केला. विमान टेकड्यांवरून वळेपर्यंत तो वरच होता.

थोड्या वेळाने दुसरं आलं. आजीने पुन्हा हात केला. मग तिसरं, छोटंसं, बहुतेक कुणा बड्या माणसाचं खाजगी. त्यालाही.

"आजी, हे तर नक्कीच नाही."

"हात काय झिजतोय का माझा? तू पण कर."

भाचीने केला. तेवढ्यात शिट्टीवाला पहारेकरी कुंपणापाशी उभं राहायचं नाही म्हणून सांगायला आला. आजीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिवसभर लोकांना हाकलतोस," ती म्हणाली, "कधी हात तरी केलास का कुणाला? ते बघ आलं."

पहारेकऱ्याने मागे पाहिलं, साहेब कुठे दिसत नव्हता. मग त्याने शिट्टी खिशात टाकली आणि, जरा लाजतच, कोपरापासून हात वर केला.